सहांच्या टेबलावरची पहिली खुर्ची: १,३२६ पैकी १८२

पत्त्यांच्या एका कॅटमधून दोन पानं १,३२६ प्रकारांनी हातात येऊ शकतात. त्यांतले ७८ प्रकार जोड्यांचे, ३१२ एकाच रंगाच्या दोन पानांचे आणि उरलेले ९३६ दोन वेगळ्या रंगांच्या पानांचे. टेक्सस होल्डेम खेळणारे एका रंगाच्या पानांना सूटेड म्हणतात, वेगळ्या रंगांच्या पानांना ऑफसूट. टेबलावर सहा जण आहेत, प्रत्येकापुढे १०० बिग ब्लाइंडचा स्टॅक आहे आणि बोलण्याची पहिली पाळी आपली आहे, असं धरलं, तर या १,३२६ पैकी साधारण १८२ प्रकार खेळण्याजोगे असतात. टक्केवारीत १३.७. हात जरा मोकळा सोडला तर २१२, म्हणजे १६ टक्के. बाकीचे सगळे मुकाट्याने टाकून द्यायचे.

नवख्या खेळाडूला हा आकडा फार कंजूष वाटतो. नऊ जणांच्या टेबलावर ताटकळत बसायचा कंटाळा येतो म्हणून तर तो सहांच्या टेबलावर आलेला असतो. इथेही सातातले सहा हात टाकायचे असतील, तर मग टेबल बदलून काय मिळवलं?

त्याच्या तक्रारीमागे एक खरा हिशोब आहे. तो आधी मांडू. प्रत्येक फेरीत प्रत्येक खेळाडूला एकदा अर्धा आणि एकदा पूर्ण बिग ब्लाइंड सक्तीने भरावा लागतो. एकूण दीड. नऊ जणांत ही वर्गणी नऊ डावांत एकदा जाते, सहा जणांत सहा डावांत एकदा. म्हणजे जो माणूस १०० डाव नुसती पानं टाकत बसेल, त्याचे नऊच्या टेबलावर १६.७ बिग ब्लाइंड जातील आणि सहाच्या टेबलावर २५. वाट बघणं इथे दीडपट महाग आहे, हे खरंच. इथपर्यंत सगळं बरोबर. घसरण होते ती पुढच्या पायरीवर: ‘म्हणून मी प्रत्येक खुर्चीतून जास्त हात खेळले पाहिजेत.’

ते २५ ब्लाइंड जातात कुठून, ते बघा. स्मॉल ब्लाइंडच्या आणि बिग ब्लाइंडच्या खुर्चीतून. सर्वांत आधी बोलणाऱ्या खुर्चीत, जिला खेळाडू अंडर द गन किंवा नुसतं यूटीजी म्हणतात, बसलेल्या माणसाने त्या डावात एक रुपयाही भरलेला नसतो. त्याने पानं टाकली तर त्याचा तोटा शून्य. बिग ब्लाइंडमध्ये पानं टाकली तर एक पूर्ण ब्लाइंड गेला. त्यामुळे तिथे एखादा हात सरासरी ०.७ ब्लाइंड तोट्यात जात असला, तरी तो खेळणं टाकण्यापेक्षा ०.३ ने फायद्याचं. यूटीजीत असा सवलतीचा हिशोब नाही. तिथे ०.१ ब्लाइंड तोट्याचा हातसुद्धा निव्वळ तोट्याचाच. ब्लाइंड भरून भरून चिडलेला माणूस त्याची भरपाई नेमकी या खुर्चीतून करायला जातो. सहाच्या टेबलावरची ही सर्वांत महागडी गैरसमजूत आहे, असं माझं मत आहे.

मग सहाच्या टेबलावर बदलतं तरी काय? आपल्यानंतर बोलणाऱ्यांची संख्या. पहिल्या खुर्चीवर नऊच्या टेबलावर मागे आठ जण असतात, सहाच्या टेबलावर पाच. बक्षीस मात्र तेवढंच राहतं: मधे पडलेला दीड ब्लाइंड. सारखंच बक्षीस, पण वाटेत अडवणारे कमी. मोकळेपणा येतो तो एवढाच, आणि तो मोजता येतो.

समजा, एखादा खेळाडू आपल्या रेझवर पुन्हा रेझ करील असे जबरदस्त हात आपण ठरवले: नव्वीपासून एक्क्यापर्यंतच्या जोड्या, एक्का-राजा कोणत्याही रंगांचे, आणि सूटेड एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी. जोड्यांचे ३६, एक्का-राजाचे १६, बाकी तिघांचे प्रत्येकी ४. बेरीज ६४, म्हणजे पाच टक्क्यांच्या किंचित आत. सोयीसाठी पाचच धरू. मागे बसलेल्यांपैकी निदान एकाकडे असा हात असण्याची शक्यता आठ जण असताना ३४ टक्के, पाच जण असताना २३ टक्के, आणि आपण बटणावर असलो, म्हणजे मागे फक्त दोन ब्लाइंडच उरले, तर १० टक्क्यांहून थोडी कमी. एकाच्या हातातल्या पानांचा दुसऱ्याच्या हातावर होणारा परिणाम इथे सोडून दिला आहे. त्याने आकडा फारसा हलत नाही.

या आकड्यांच्या उतरणीवरच सगळ्या याद्या उभ्या आहेत. संगणकी सॉल्व्हरवर तयार झालेल्या आणि आजकाल सर्रास वापरल्या जाणाऱ्या तक्त्यांत नऊच्या टेबलावरचा यूटीजी साधारण १० टक्के हात खेळतो, सहाच्या टेबलावरचा १५ ते १८. सहांतच पुढे सरकलं की हायजॅक (बटणाआधीची दुसरी खुर्ची) २० च्या आसपास, कटऑफ (बटणाच्या लगेच आधीची) २७ च्या, आणि बटण थेट ४० च्या वर. म्हणजे सहांच्या खेळाला जो मोकळेपणा म्हणतात, तो बहुतेक बटणावर आणि त्याच्या शेजारी राहतो. पहिल्या खुर्चीच्या वाट्याला तो पाच-सात टक्केच येतो.

याचाच आणखी एक अर्थ निघतो, आणि टेबलावर बसल्यावर तोच सर्वांत कामाचा. खुर्च्या पुढून मोजू नयेत, बटणापासून मागे मोजाव्यात. सहांतला यूटीजी म्हणजे नऊतला चौथा बोलणारा. आधीचे तीन जण पानं टाकून गेले की नऊचं टेबल सहाचंच होतं. (अगदी काटेकोर बोलायचं तर नाही. आधी तिघांनी पानं टाकली, म्हणजे त्यांच्याकडे एक्के-राजे कमी होते, म्हणजे मागच्यांकडे ते किंचित जास्त असणार. पण हा फरक इतका बारीक, की बसल्या जागी त्याची दखल घेण्यात अर्थ नाही.) रात्री उशिरा नऊ जणांचं टेबल हळूहळू सातावर, सहावर, पाचावर येतं, तेव्हा ‘आता शॉर्ट-हँडेड झालं, सोडा हात’ असं कुणीतरी म्हणतंच. सोडायचा तर कुठल्या खुर्चीतून, हे तो बोलत नाही. कटऑफला मागे तीन जण असतात. टेबलावर नऊ बसलेले असोत की पाच, ते तीनच असतात. त्याची यादी जशीच्या तशी राहते. उडतात त्या फक्त पुढच्या खुर्च्या.

आता रेझच्या किमतीकडे येऊ. यूटीजीवरून अडीच ब्लाइंडचा रेझ केला आणि सगळ्यांनी पानं टाकली, तर दीड मिळतो. अडीच घालवून दीड मिळवायचा, तर निव्वळ चोरी म्हणून हा रेझ १०० पैकी साडेबासष्ट वेळा बिनविरोध जायला हवा. पाच जणांनी मिळून तेवढ्या वेळा पानं टाकायची, तर प्रत्येकाने सरासरी ९१ टक्के हात टाकले पाहिजेत. बटणावर मागे दोघेच असतात. तिथे प्रत्येकाने ७९ टक्के टाकले तरी भागतं. आणि एकटा बिग ब्लाइंडच ९१ टक्के टाकणार नाही, कारण त्याला आणखी फक्त दीड ब्लाइंड घालून चारचा पॉट दिसतो. २७ टक्के वाटा मिळत असला तरी त्याला कॉल परवडतो. थोडक्यात, पहिल्या खुर्चीतून नुसत्या धाकावर पैसे मिळत नाहीत. फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडणारी पहिली तीन सामायिक पानं, बघावा लागणार हे गृहीत धरून हात निवडायचा. लिलावात पहिली बोली लावणाऱ्यासारखी ही जागा आहे: आपली किंमत सगळ्यांना कळलेली, त्यांची आपल्याला नाही. फ्लॉपनंतर तर हायजॅक, कटऑफ आणि बटण, तिघेही आपल्यानंतर बोलतात. आपल्याआधी बोलणारे फक्त दोन ब्लाइंड.

आता ती १८२ ची यादी उघडू. छक्कीपासून एक्क्यापर्यंत नऊ जोड्या, प्रत्येकीचे ६ प्रकार: ५४. सूटेडमध्ये एक्का आणि त्याच्याबरोबर कोणतंही पान, दुर्रीपर्यंत: १२ हात, प्रत्येकी ४ प्रकार, ४८. सूटेड राजा-राणी, राजा-गुलाम, राजा-दश्शी, राजा-नव्वी: १६. सूटेड राणी-गुलाम आणि राणी-दश्शी: ८. सूटेड गुलाम-दश्शी आणि दश्शी-नव्वी: ८. सूटेडची बेरीज ८०. ऑफसूटमध्ये एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम आणि राजा-राणी, एवढे चारच. प्रत्येकी १२ प्रकार, ४८. ही यादी काही शिलालेख नव्हे. रेक, म्हणजे पॉटमधून घर कापून घेतं तो वाटा, किती आहे, टेबल कसं आहे, यावर दोन-चार हात इकडे-तिकडे होतात. मोकळ्या यादीत पंजीची जोडी, ऑफसूट एक्का-दश्शी आणि ऑफसूट राजा-गुलाम येतात, आणि आकडा २१२ होतो.

पण १८२ च्या यादीतलं प्रमाण नीट बघा. ७८ जोड्यांपैकी ५४ खेळल्या, म्हणजे ६९ टक्के. ३१२ सूटेडपैकी ८०, म्हणजे २६ टक्के. ९३६ ऑफसूटपैकी ४८, म्हणजे जेमतेम ५ टक्के. कॅटमध्ये सर्वांत जास्त असलेल्या हातांना यादीत सर्वांत कमी जागा. इथेच बहुतेकांचा हिशोब बिघडतो, कारण डोक्यात आपण हात मोजतो, प्रकार नाही. ‘राजा-गुलाम घेतला, तर एक्का-दश्शी का नको? राणी-गुलाम? राजा-दश्शी? एक्का-नव्वी?’ पाचच हात वाढवले, असं वाटतं. ऑफसूटचे पाच हात म्हणजे ६० प्रकार. १८२ चे २४२ झाले. यादी एका फटक्यात एक तृतीयांशाने फुगली. तेच पाच सूटेड हात वाढवले असते तर २० च वाढले असते. ऑफसूट हात तिप्पट वेळा हातात येतो, त्यामुळे त्यातली चूकही तिप्पट वेळा होते.

ऑफसूटचा दोष रंगात आहे, असं मात्र समजू नका. कुठल्यातरी दोन पानांविरुद्ध शेवटपर्यंत खेळवलं, तर सूटेड एक्का-राजा ६७ टक्के जिंकतो आणि ऑफसूट ६५. दोनच टक्क्यांचा फरक. फ्लॉपवरच फ्लश लागण्याची शक्यता ०.८४ टक्का, फ्लशला एक पान कमी अशी स्थिती येण्याची ११ टक्के. हे आकडे छोटे दिसतात, पण हात जिवंत ठेवतात. फ्लॉपवर जोडी न लागताही पुढे खेळायला कारण मिळतं. ऑफसूट हाताला ते कारण नसतं. त्याचं सगळं भवितव्य जोडीवर, आणि जोडी लागली की प्रश्न येतो सोबतच्या पानाचा, किकरचा.

तो प्रश्न आकड्यांत असा. आपल्याकडे ऑफसूट राजा-गुलाम आहे. आपलंच एक पान घेऊन वर मोठा किकर असलेले हात: एक्का-राजा १२ प्रकारे, राजा-राणी १२, एक्का-गुलाम १२. शिवाय एक्क्यांची जोडी ६ प्रकारे, राजांची ३, गुलामांची ३. एकूण ४८. आपली दोन पानं गेल्यावर उरलेल्या ५० पानांतून १,२२५ प्रकार होतात. त्यांत ४८ म्हणजे ३.९ टक्के. एका माणसापुरतं हे काहीच नाही. पण मागे पाच जण असले, की त्यांच्यापैकी निदान एकाकडे असा हात असण्याची शक्यता १८ टक्के होते. आठ जण असले तर २७, बटणावरून दोघांविरुद्ध ८ च्या आत. हाच हिशोब पाच जणांविरुद्ध इतर हातांचा: एक्का-राजा २.४ टक्के, एक्का-गुलाम ११.७, राजा-राणी १३.९, एक्का-दश्शी १६, एक्का-नव्वी २०, राजा-दश्शी २२. यादीची रेघ १४ आणि १६ च्या मधे पडते, आणि मोकळी यादी १८ पर्यंत जाते. कुणीही हे तक्ते पाठ करून घोकू नयेत. ही एक चढण डोक्यात राहिली तरी पुरे. दबलेला हात शेवटपर्यंत गेला तर चारांत एकदा जिंकतो: एक्का-राजाविरुद्ध एक्का-राणीचा वाटा २६ टक्के आहे.

पण शेवटपर्यंत खेळवून निघालेली ही टक्केवारीही खरा तोटा दाखवत नाही. तो कुठे होतो, ते एका डावात बघू. ब्लाइंड १०० आणि २०० रुपये, स्टॅक २०,००० चा. यूटीजीवरून बदामचा राजा आणि इस्पिकचा गुलाम घेऊन आपण ५०० चा रेझ केला. बटणाने कॉल केला, ब्लाइंड निघून गेले. पॉट १,३००. फ्लॉप आला: इस्पिकचा राजा, चौकटची अठ्ठी, किलवरची चव्वी. याहून कोरडा, याहून चांगला फ्लॉप मागूनही मिळायचा नाही. आपण निम्म्या पॉटची, ६५० ची बेट केली, कॉल. टर्नवर १,३००, कॉल. रिव्हरवर २,६००, कॉल. टर्न आणि रिव्हर दोन्ही बिनकामाची पानं होती असं धरू. पॉट १०,४०० चा झाला आणि त्यात आपले ५,०५० आहेत, २५ बिग ब्लाइंड.

बटणाकडे काय असेल? एक्का-राजा आणि एक्क्यांची जोडी असती, तर त्याने फ्लॉपआधीच पुन्हा रेझ केला असता. राजाशिवायच्या मधल्या जोड्या तीन बेट झेलत नाहीत. उरतात ते हात मोजू. अठ्ठ्यांची जोडी ३ प्रकारे आणि चव्व्यांची ३. दोन्हींच्या तीन-तीन झालेल्या. राजा-राणी: कॅटमध्ये आता दोनच राजे शिल्लक, म्हणून ८ प्रकार, त्यांत सूटेड २. सूटेड राजा-गुलाम २, सूटेड राजा-दश्शी २. म्हणजे १८ पैकी १४ हात आपल्याला हरवतात, दोनांशी बरोबरी होते आणि दोघांनाच आपण हरवतो. वरची जोडी लागलेली असून ही अवस्था.

आता याच टेबलावर, याच फ्लॉपवर, आपल्या हातात राजा-गुलामच्या जागी बदामचे एक्का-राजा ठेवा. बटणाचे तेच १८ हात. आता आपल्याला हरवणारे ६, आणि आपण हरवतो ते १२. राजाची जोडी तीच, बेटा त्याच, पॉट तोच. बदलला तो फक्त किकर. राजा-गुलाम फ्लॉप चुकतो तेव्हा २५ नव्हे, अडीच ब्लाइंड जातात. तो बरोबर लागतो तेव्हा २५ जातात. पहिल्या खुर्चीतून या हाताला दूर ठेवण्याचं कारण एवढंच आहे, आणि बटणावरून तोच हात आनंदाने खेळण्याचंही: तिथे राजा-राणीवाला मागे असण्याची शक्यता निम्म्याहून कमी आणि फ्लॉपनंतर शेवटी बोलण्याचा मान आपला.

याच्या उलट बाजूला सूटेड एक्का-पंजी. जुन्या वळणाच्या खेळाडूंना हा हात यादीत आणि ऑफसूट एक्का-दश्शी बाहेर, हे पटता पटत नाही. किकर तर पंजीचा! पण या हाताची कमाई एक्क्याच्या जोडीवर नाही. फ्लश लागला तर तो सर्वांत मोठा. दुर्री-तिर्री-चव्वी आली तर सरळ लागते. आणि सर्वांत महत्त्वाचं, हातातला एक्का दुसऱ्यांचे एक्के खातो. एक्क्यांची जोडी, राजांची जोडी आणि एक्का-राजा, हे तिन्ही मिळून एरवी २८ प्रकारे येतात. आपल्याकडे एक एक्का असला, की एक्क्यांच्या जोडीचे ६ चे ३ होतात, एक्का-राजाचे १६ चे १२, बेरीज २१. आपल्यावर कुणी थ्री-बेट, म्हणजे पुन्हा रेझ, केला, तर त्याच्याकडे हे राक्षसी हात असण्याची शक्यता आपोआप पाव हिश्शाने घटते. म्हणून या हाताने कधीकधी उलट फोर-बेट करून समोरच्याला हुसकावता येतं, आणि नाही जमलं तर हळहळ न करता टाकता येतं. एक्का-दश्शी घेऊन मात्र माणूस थांबतो, विचार करतो, कॉल करतो आणि एक्का-राणीला पैसे देतो. (एक्का तर त्याच्याकडेही आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण फ्लॉप पडल्यावर सावरायला त्याच्याकडे फ्लशही नाही आणि सरळही क्वचित.)

छोट्या जोड्यांबद्दल लोकांना जी माया असते, तिचाही हिशोब लागतो. जोडी हातात असताना फ्लॉपवर तिसरं पान लागण्याची शक्यता ११.८ टक्के, साडेआठ वेळांत एकदा. उरलेल्या साडेसात वेळा दुर्रीची किंवा तिर्रीची जोडी घेऊन आपण तीन मोठ्या पानांकडे बघत बसतो, आणि मागचे बेट करतात. अडीच ब्लाइंड घालून साडेआठांत एकदा फळणारा हात फायद्यात यायचा, तर त्या एका वेळी सरासरी २१ ब्लाइंड मिळाले पाहिजेत, आणि पुन्हा रेझ होऊन फ्लॉपच न बघता हाकलून लावले जाण्याचे प्रसंग वेगळे. समोरचे खेळाडू एका जोडीवर सगळा स्टॅक लावणारे असतील, तर खुशाल खेळा. सावध खेळाडूंमध्ये दुर्री, तिर्री आणि चव्वीच्या जोड्या पहिल्या खुर्चीतून टाकलेल्याच बऱ्या. पंजीवर लोकांचं एकमत नाही.

पूर्वीच्या पुस्तकांत हे सगळं का सापडत नाही, असं कुणी विचारतं. डेव्हिड स्क्लान्स्की आणि मेसन मॅल्मथ यांचं १९८८ चं होल्डेमवरचं पुस्तक पिढ्यांनी वापरलं; त्यात हातांचे आठ गट पाडलेले आहेत. पण ते लिमिट होल्डेमसाठी आणि भरलेल्या टेबलासाठी. तिथे बेटेची मर्यादा ठरलेली, म्हणून राजा-गुलामाची किंमत मोजावी लागली तरी ती दोन-चार बेटांपुरतीच. नो-लिमिटमध्ये तीच चूक २५ ब्लाइंडना पडते, ते वर पाहिलंच.

सहांच्या नो-लिमिट खेळाबद्दलचा सर्वांत बोलका पुरावा २०१९ चा आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे नोआम ब्राउन आणि तुओमास सँडहोम यांनी फेसबुकच्या संशोधकांबरोबर प्लुरिबस नावाचा प्रोग्रॅम केला आणि सायन्स नियतकालिकात त्याची माहिती छापली. पाच व्यावसायिक खेळाडू आणि सहावा प्लुरिबस, १२ दिवसांत १०,००० डाव, प्रत्येक डावाला १०० ब्लाइंडचा नवा स्टॅक. १०० डावांमागे सरासरी ४.८ बिग ब्लाइंडच्या वेगाने तो जिंकला. त्याला कुणी यादी शिकवली नव्हती. स्वतःशीच खेळून तो शिकला. सुरुवातीला तो लिम्प करून बघत असे, म्हणजे रेझ न करता फक्त ब्लाइंडएवढे पैसे टाकून आत शिरत असे. खेळत गेला तसा त्याने हा प्रकार जवळजवळ सोडून दिला. अपवाद स्मॉल ब्लाइंडचा, जिथे अर्धे पैसे आधीच भरलेले असतात. आपल्याकडे पहिल्या खुर्चीतून ‘स्वस्तात फ्लॉप बघू’ म्हणून लिम्प करणारे प्रत्येक टेबलावर दोघे तरी असतात. खेळण्याजोगा असेल तर रेझ, नसेल तर फोल्ड. मधली वाट त्या यंत्राला सापडली नाही.

आपल्याकडे म्हणजे आता मुख्यतः गोव्यात. ऑनलाइन पैसे लावून खेळण्याचा प्रकार, कौशल्याचा असो वा नशिबाचा, ऑनलाइन गेमिंगच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केला. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी २२ ऑगस्ट २०२५ ला मिळाली आणि कंपन्यांनी पैशांचे डाव थांबवले. मांडवीतल्या परवानाधारक कॅसिनोंचा कायदा वेगळा. तिथे प्रत्यक्ष टेबलं चालतात. पडद्यावरून टेबलावर आलेल्या खेळाडूला दोन गोष्टी जाचतात. एक रेक. पॉटचे पाच टक्के धरले, तर वरच्या १,३०० च्या पॉटमधून ६५ रुपये घराचे, बिग ब्लाइंडचा जवळजवळ एक तृतीयांश. अर्धा-पाव ब्लाइंड फायद्याचे काठावरचे हात इथेच तोट्यात जातात. म्हणून रेक जड असेल तिथे २१२ ची नव्हे, १८२ ची यादी. दुसरी गोष्ट स्ट्रॅडल. यूटीजीने हौसेने पानं बघण्याआधीच दुप्पट ब्लाइंड लावला, की सर्वांत आधी बोलायची पाळी त्याच्या पुढच्यावर येते आणि १०० ब्लाइंडचा स्टॅक ५० चा होतो. सहांच्या टेबलावर स्ट्रॅडल पडला, की पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे पुन्हा पाच जण. तो स्वतःला हायजॅक समजून मोकळा खेळायला जातो आणि फसतो. मोजायचं पुन्हा तेच: माझ्यानंतर किती जण बोलायचे बाकी आहेत?

शेवटचा आकडा स्वतःच्या तपासणीसाठी. सहांच्या टेबलावर पाच तास बसलात आणि ताशी ३० डाव झाले, तर १५० डाव; त्यांत पहिली खुर्ची २५ वेळा. १६ टक्क्यांच्या यादीने त्या खुर्चीतून चार वेळा रेझ व्हायला हवा. पानं चांगली लागली तर सहा, नशीब फारच जोरात असेल तर सात. एवढ्या चार-सहा डावांच्या निकालावरून यादी बरोबर की चूक हे कळणं अशक्य आहे. त्या रात्री जिंकलात काय नि हरलात काय, त्याने काही सिद्ध होत नाही. रेझ किती वेळा केला, ते मात्र मोजता येतं. मूठभर चिप्स बाजूला काढून ठेवा आणि पहिल्या खुर्चीतून आत शिरलात की एक सरकवा. रात्रीअखेर तिथे दहा चिप्स जमल्या असतील, तर तुम्ही बटणाची यादी पहिल्या खुर्चीतून खेळत आहात.